मधी हात कुणी लावला?

शुक्रवारी संध्याकाळी सव्वापाचला ठेवलेल्या मीटिंगमध्ये शहाणपणाचं काही ठरत नाही, असा माझा जुना अनुभव आहे. निम्म्या लोकांचं लक्ष घड्याळाकडे असतं आणि उरलेल्यांचं पार्किंगमधून गाडी कशी निघणार याच्याकडे. काल आमच्या हापिसात तेच झालं.

आमचं सॉफ्टवेअर पॅथॉलॉजी लॅबमध्ये चालतं. ब्राउझरमध्ये नाही, चक्क डेस्कटॉपवर. रक्त तपासणारी मशीन त्याला वायरनं जोडलेली असतात, बारकोडचा प्रिंटर जोडलेला असतो, आणि इंटरनेट गेलं तरी रिपोर्ट निघायला लागतो. नवं व्हर्जन तयार झालं की आम्ही ते आमच्या वेब सर्व्हरवर ठेवतो. लॅबमधला प्रोग्रॅम सुरू होताना सर्व्हरला विचारतो, "काही नवीन?" असेल तर उतरवून घेतो. साधी, सरळ आणि स्वस्त पद्धत.

तर काल नवं व्हर्जन तयार झालं होतं. आमच्याकडचा एक नवा मुलगा (हुशार आहे, काम मनापासून करतो) म्हणाला, "सर, फोर्स अपडेट टाकून देऊ. शनिवार-रविवार मध्ये आहे. सोमवारी सकाळी सगळे एकदम नव्या व्हर्जनवर. कुणाला कळणारसुद्धा नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी नाही म्हणालो. जरा जोरातच म्हणालो बहुतेक, कारण एकदम शांतता पसरली. कारण सांगायला वेळ नव्हता, सगळ्यांना घरी जायचं होतं. म्हणून ते आज सकाळी चहाचा दुसरा कप घेऊन सविस्तर लिहितोय.

त्यासाठी जरा मागे जायला लागेल. २००८ सालात.

तेव्हा मी एका छोट्या कंपनीत होतो. आठ माणसं, दोन खोल्या, आणि कपाटाशेजारी एक मशीन, ज्याला आम्ही आदरानं 'सर्व्हर' म्हणायचो. एका बाजार समितीतल्या भाजीपाल्याच्या आडत्यांसाठी आम्ही पट्टीचं सॉफ्टवेअर केलं होतं. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: शेतकऱ्याचा माल पहाटे गाळ्यावर येतो, लिलाव होतो, वजन होतं, भाव लागतो. मग एकूण रकमेतून आडत, हमाली, तोलाई, गाडीभाडं असं एकेक वजा करून जे उरतं ते शेतकऱ्याच्या हातात. (शेतकऱ्याकडून आडत कापणं तेव्हा सर्रास होतं. भाजीपाल्याच्या बाबतीत राज्यात हे २०१६ मध्ये बदललं.) हा सगळा हिशेब ज्या कागदावर असतो ती पट्टी. गाळ्यावरचे दिवाणजी पूर्वी ती कार्बन घालून हातानं लिहायचे. आम्ही त्यांना डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर काढायला शिकवलं. चाळीस गाळे होते आमच्याकडे.

सुरुवातीला नवं व्हर्जन म्हणजे आमची वारी असायची. पेन ड्राइव्ह खिशात, बाइकला किक, आणि गाळ्यागाळ्यातून हिंडत प्रत्येक मशीनवर सेटअप चालवायचं. तिघं जण, दोन दिवस. त्यातही चार गाळे राहून जायचे, कारण मशीनचा पासवर्ड माहीत असलेला पुतण्या नेमका गावाला गेलेला असायचा. मग तो गाळा जुन्या व्हर्जनवर, बाकीचे नव्यावर, आणि फोन सगळे माझ्याकडे.

अशात आम्हाला क्लिकवन्स सापडलं. मायक्रोसॉफ्टनं ते डॉट नेट २.० बरोबर २००५ च्या शेवटी आणलं होतं. कल्पना अगदीच नवी नव्हती. जावावाल्यांकडे वेब स्टार्ट २००१ पासून होतं. पण आमच्यासाठी तो चमत्कारच होता. आपल्या वेब सर्व्हरवर एक फोल्डर करायचा. त्यात प्रत्येक व्हर्जनचा वेगळा फोल्डर, आणि सगळ्यांच्या वर एक छोटी मॅनिफेस्ट फाइल, जी सांगते की सध्याचं व्हर्जन अमुक, आणि त्याच्या फाइली तमुक ठिकाणी. गिऱ्हाइकाच्या मशीनवरचा प्रोग्रॅम उघडला की तो ही पाटी वाचतो. नंबर बदललेला दिसला तर ज्या फाइली बदलल्या असतील तेवढ्याच उतरवतो, बाकीच्या आपल्याकडच्याच वापरतो. ॲडमिनचा पासवर्ड लागत नाही, कारण सगळं त्या युजरच्या स्वतःच्या फोल्डरात बसतं. म्हणजे पुतण्या गावाला गेला तरी चालेल!

पहिल्यांदा हे चाललं तेव्हा आम्ही चक्क पेढे आणले होते. तिघांचे दोन दिवस वाचले होते. मी माझ्या खुर्चीतून एक बटण दाबलं आणि चाळीस गाळ्यांमधला प्रोग्रॅम बदलला. त्या दिवशी मला आपण फार मोठे झाल्यासारखं वाटलं, हे कबूल करतो.

आता तो जूनमधला शनिवार.

नव्या व्हर्जनमध्ये मी रिपोर्ट छापायची लायब्ररी बदलली होती. पट्टी जरा देखणी दिसायची. बाकी काही खास नव्हतं. पण तेव्हा मला एका गोष्टीचा भयंकर कंटाळा आला होता. क्लिकवन्समध्ये नवं व्हर्जन आलं की दिवाणजींसमोर एक खिडकी यायची: 'अपडेट आलं आहे, घ्यायचं का?' आणि दोन बटणं, 'ओके' आणि 'स्किप'. पहाटे चार वाजता गाळ्यावर माल उतरत असताना कुठला शहाणा माणूस 'ओके' दाबेल? सगळे 'स्किप' दाबायचे. त्यामुळे तीन-तीन व्हर्जन्स एका वेळी फिरत असायची, आणि फोनवर माझा पहिला प्रश्न असायचा, "दिवाणजी, वर कोपऱ्यात कुठला नंबर दिसतोय?"

व्हिज्युअल स्टुडिओच्या पब्लिशच्या पानावर अपडेट्स नावाचं बटण आहे. ते उघडलं की खाली एक चौकट दिसते: या ॲप्लिकेशनचं किमान आवश्यक व्हर्जन ठरवा. तिथे टिकमार्क करून नवा नंबर लिहिला की 'स्किप' हे बटण युजरला दिसतच नाही. नवं व्हर्जन पूर्ण उतरलं तरच प्रोग्रॅम सुरू होणार.

मी टिकमार्क केला. शनिवारी संध्याकाळी सहा वाजता पब्लिश केलं आणि घरी गेलो. शनिवार-रविवार मध्ये आहे, सोमवारी सगळे एकदम नव्यावर, कुणाला कळणारसुद्धा नाही, असा हिशेब. म्हणजे आमच्या त्या मुलाचं कालचं वाक्य माझंच आहे, फक्त पहिल्यांदा मी बोललो होतो.

त्या बाजारात साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते. आणि सुट्टीनंतरचा रविवार हा आठवड्यातला सगळ्यात जास्त आवकेचा दिवस. हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं की. दोन वर्षं मी त्या गाळ्यांवर जात होतो. पण बटण दाबताना माझ्या डोक्यात कॅलेंडर होतं ते माझ्या हापिसचं.

पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी पहिला फोन आला. पाच वाजेपर्यंत अठरा.

काय झालं होतं ते गणित साधं आहे. रिपोर्टच्या नव्या लायब्ररीमुळे हे अपडेट २२ एमबीचं झालं होतं. हापिसातल्या लॅनवर टेस्ट करताना ते काही सेकंदांत उतरलं, म्हणून मी आकाराकडे बघितलंच नाही. गाळ्यांवर तेव्हा २५६ केबीपीएसची लाइन असायची. म्हणजे सगळं सुरळीत चाललं तरी एका मशीनला बारा मिनिटं. पण खरी गोम पुढे आहे. आमच्या कपाटाशेजारच्या 'सर्व्हर'ची अपलोडची लाइन होती ५१२ केबीपीएस. चाळीस गाळे गुणिले २२ एमबी म्हणजे ८८० एमबी. त्या लाइनीतून ते जायला लागतात जवळजवळ चार तास, तेही एकही डाउनलोड मध्ये तुटलं नाही तर. आणि तुटलं की पुन्हा पहिल्यापासून.

बरं, सगळ्यात चीड आणणारा भाग कुठला? जुनं व्हर्जन प्रत्येक मशीनवर शाबूत होतं. काही बिघडलेलं नव्हतं. शुक्रवारी त्यानंच शेकडो पट्ट्या काढल्या होत्या. ते सुरू होत नव्हतं ते केवळ मी 'होऊ नकोस' म्हणून सांगितलं होतं म्हणून. आणखी एक गंमत (तेव्हा ती गंमत वाटली नव्हती): तीन गाळ्यांची ब्रॉडबँड लाइन त्या दिवशी बंद होती. त्यांचं काम पहाटेपासून मस्त चाललं होतं! त्यांच्या मशीनला माझी पाटी वाचताच आली नाही, म्हणून ते वाचले. इंटरनेट नसलेल्यांचं सॉफ्टवेअर चालू आणि असलेल्यांचं बंद, असं दृश्य मी उभं केलं होतं.

घरून सर्व्हरला हात लावायची सोय नव्हती. बाइक काढून हापिसात गेलो, वॉचमनला उठवलं, साडेपाच वाजले. तिथून मागे जाणंसुद्धा सरळ नव्हतं, कारण काही मशीननी नवा किमान नंबर आधीच वाचलेला होता. शेवटी जुनाच कोड घेतला, त्याला आणखी पुढचा नंबर दिला, टिकमार्क काढला आणि पब्लिश केलं. जुन्या फाइली मशीनवर होत्याच, त्यामुळे हे उतरायला मिनिटसुद्धा लागलं नाही. सात-सव्वासातपर्यंत सगळे गाळे सुरू झाले. तोपर्यंत बाजार उरकत आला होता.

मी तसाच तिकडे गेलो. शिव्या खायची तयारी करून गेलो होतो, आणि त्या मिळाल्यासुद्धा. पण एका गाळ्यावरचे म्हातारे दिवाणजी शिव्या देत नव्हते. कुठून तरी जुनं कार्बनचं पुस्तक शोधून ते हातानं पट्ट्या लिहीत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "साहेब, शुक्रवारी चालत व्हतं की. मग मधी हात कुणी लावला?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणजे उत्तर माहीत होतं, तोंडातून निघेना.

त्या गाळ्यावर एका गावाहून टेम्पो आला होता, अकरा शेतकऱ्यांचा माल घेऊन. असा टेम्पोवालाच सगळ्यांच्या पट्ट्या आणि पैसे घेऊन परत जातो. तो सहा वाजेपर्यंत थांबला, मग दुसरं भाडं ठरलेलं होतं म्हणून तसाच निघून गेला. अकरा जणांचे पैसे गाळ्यातच राहिले. बुधवारी त्यातला एक शेतकरी एसटीनं स्वतः आला, कारण बियाण्याच्या दुकानदाराचे पैसे द्यायचे होते आणि पेरणी थांबणार नव्हती. त्याची रोजची मजुरी, एसटीचं भाडं, दिवसभराचा खोळंबा. हे सगळं माझ्या पट्टीला देखणी अक्षरं यावीत आणि मला फोनवर नंबर विचारायला लागू नये म्हणून.

असो. आता मुद्द्यावर येतो.

वेब सर्व्हरवरून डेस्कटॉप ॲप्लिकेशन पोचवणं ही पद्धत वाईट आहे असं मी मुळीच म्हणत नाहीये. पेन ड्राइव्हच्या वारीत परत जाण्याची माझी इच्छा नाही. माझं भांडण त्या टिकमार्कशी आहे. ज्या दिवशी आपण प्रोग्रॅम सर्व्हरवरून अपडेट करायला लागतो, त्या दिवशी गिऱ्हाइकाच्या गाळ्याची एक किल्ली आपल्याकडे येते. पेन ड्राइव्हच्या काळात आपल्याला शटर उघडायला सांगायला लागायचं. दिवाणजी म्हणू शकायचे, "आज नको, माल उतरतोय, दुपारी या." सर्व्हरच्या काळात ते 'दुपारी या' म्हणण्याची एकच जागा उरली आहे, ते 'स्किप'चं बटण. आणि आपण आपल्या सोयीसाठी तेच काढून टाकतो.

गंमत बघा, क्लिकवन्स करणाऱ्यांनी याचा विचार केला होता. 'स्किप' होतं. प्रोग्रॅम आधी सुरू करून अपडेट मागून तपासायची सोय होती, म्हणजे काम थांबत नाही आणि नवं व्हर्जन पुढच्या वेळी लागतं. कंट्रोल पॅनेलमधून आधीच्या व्हर्जनवर परत जायची सोय होती. सगळं होतं. ते बंद करणारा मी होतो.

तुम्ही म्हणाल, चाळीस गाळ्यांची जुनी गोष्ट काय सांगतोस, आता जग पुढे गेलंय. बरं, मग पुढे गेलेल्या जगाच्या दोन गोष्टी सांगतो.

१९ जुलै २०२४, शुक्रवार. आपल्या वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीनं आपल्या सर्व्हरवरून एक छोटी कंटेंट फाइल सोडली. ७८ मिनिटांत चूक लक्षात येऊन ती मागे घेतली गेली. पण तेवढ्यात मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळा पडदा दाखवून बसली होती. विमानं रखडली, हॉस्पिटलं अडली, आपल्याकडे विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. (कार्बनचं पुस्तक शोधणारे दिवाणजी आठवले मला.) आता यातली खरी मेख ऐका. त्यांच्या गिऱ्हाइकांना 'आम्ही एक व्हर्जन मागे राहू' असं ठरवायची सोय होती, आणि अनेकांनी ते शहाणपणानं ठरवलंही होतं. पण ती सोय मुख्य सॉफ्टवेअरपुरती होती. या कंटेंट फाइली त्या नियमात बसत नव्हत्या, त्या सगळ्यांकडे थेट जायच्या. म्हणजे गिऱ्हाइकानं दार लावून घेतलं होतं आणि किल्ली असलेला माणूस खिडकीतून आत आला. त्या घटनेनंतर कंपनीनं या फाइलीसुद्धा टप्प्याटप्प्यानं सोडण्याचं आणि गिऱ्हाइकाला त्यात निवड देण्याचं जाहीर केलं. टप्प्याटप्प्यानं! २०२४ मध्ये!

दुसरी गोष्ट २०१७ ची. युक्रेनमध्ये कर भरण्यासाठी वापरलं जाणारं एम.ई.डॉक नावाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर आहे. आपल्याकडच्या कुठल्याही अकाउंटंटच्या टेबलावर असतं तसलं. त्याच्या अपडेटची व्यवस्था हल्लेखोरांच्या ताब्यात गेली आणि २७ जूनला तिथूनच नॉटपेट्या पसरला. किल्ली आपल्या हातात आहे तोवर ठीक, पण ती चोरीला गेली तर चोर एका गाळ्यात नाही, सगळ्यांत शिरतो. त्या हल्ल्यात मर्स्क या जहाज कंपनीला सुमारे ४५,००० पीसी आणि ४,००० सर्व्हर नव्यानं उभे करायला लागले, हे त्यांच्या अध्यक्षांनी पुढच्या वर्षी दावोसला सांगितलं. आणि मर्स्कच्याच समूहाचं टर्मिनल आपल्या न्हावा शेव्यात आहे. तिथलंही काम अडलं. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या प्रोग्रॅमचं अपडेट, आणि उरणच्या रस्त्यावर कंटेनरच्या रांगा!

आता विरोधी पक्षाचं म्हणणं. ते मी गेली अनेक वर्षं ऐकतोय, त्यामुळे पाठ आहे.

एक: "लोकांवर सोडलं तर लोक कधीच अपडेट करत नाहीत." हे खरं आहे, आणि याला हसण्यावारी नेऊन चालणार नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आला तेव्हा त्यावरचा विंडोजचा पॅच मार्चमध्येच आलेला होता. ज्यांनी घेतला नाही ते सापडले. म्हणून सुरक्षेचं भोक बुजवायचं असेल तर घाई करा, सक्तीसुद्धा करा, मी तुमच्या बाजूनं आहे. पण मला प्रामाणिकपणे सांगा, तुम्ही गेल्या वर्षभरात सक्तीनं ढकललेल्या अपडेट्समध्ये सुरक्षेचं भोक बुजवणारी किती होती, आणि बटणाचा रंग बदलणारी किती? आपण दोन्ही एकाच पाकिटात घालतो आणि वर 'महत्त्वाचं सुरक्षा अपडेट' असा शिक्का मारतो. मग लोक त्या शिक्क्यावर विश्वास ठेवत नाहीत. 'स्किप' दाबायची सवय लोकांना आपणच लावली आहे.

दोन: "मग वेब ॲपच करा ना, डेस्कटॉपचा जमाना गेला." अहो, पण वेब ॲपमध्ये तर 'स्किप'सुद्धा नसतं! तिथे दर वेळी पान उघडलं की सक्तीचं अपडेटच असतं. फक्त ते उतरताना दिसत नाही. इंटरनेट गेलं की काम बंद, ते वेगळंच. न्याहाळक म्हणा नाहीतर ब्राउझर म्हणा, मधी हात कुणी लावला हा प्रश्न तिथेही तसाच उरतो. :-)

तीन: "पाच-पाच व्हर्जन्सना सपोर्ट द्यायला माणसं कुठून आणायची?" हा खरा मुद्दा. बाकीचे दोन तोंडी लावायला असतात, सक्तीमागचं खरं कारण हेच असतं. २००८ मध्ये माझंही हेच होतं. आणि याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. हो, त्रास होतो. आदल्या व्हर्जनच्या डेटाबरोबर नवं व्हर्जन चालेल असं लिहायला लागतं, दोन व्हर्जनवर टेस्ट करायला लागतं. पण तो त्रास करून घेण्यासाठी आपल्याला पगार मिळतो. दिवाणजींना किंवा त्या एसटीनं आलेल्या शेतकऱ्याला आपली व्हर्जन्स सांभाळण्यासाठी कुणी पगार देत नाही.

मग करायचं काय? फार अवघड काही नाही, आणि यातलं काहीच मी शोधून काढलेलं नाही.

नवं व्हर्जन पूर्ण उतरून, तपासून, शेजारी तयार उभं राहीपर्यंत जुनं चालू राहिलं पाहिजे. 'उतरतंय, थांबा' ही पाटी युजरनं कधी बघताच कामा नये.

जुनं लगेच फेकू नका. परत जायचा रस्ता युजरच्या मशीनवर असला पाहिजे, तुमच्या हापिसच्या कपाटात नव्हे. आणि नव्या व्हर्जननं डेटाबेस असा बदलू नये की जुन्याला तो वाचताच येणार नाही, नाहीतर रस्ता असून उपयोग काय?

आधी पाच जणांना द्या. एक अख्खा कामाचा दिवस जाऊ द्या. मग पन्नास, मग सगळे. वेब सर्व्हर हातात असताना हे करायला एक छोटी यादी आणि एक अट पुरते.

फाइलींवर सही करा आणि सहीची किल्ली त्याच वेब सर्व्हरवर ठेवू नका. सर्व्हर फोडणाऱ्याच्या हाती शिक्कासुद्धा मिळाला तर सहीला अर्थ उरत नाही. आणि सही म्हणजे सगळं झालं असंही समजू नका. २०१७ मध्येच सीक्लीनरचं एक बाधित व्हर्जन कंपनीच्या खऱ्या सहीनिशी लोकांपर्यंत पोचलं होतं. माल कुणी पाठवला ते सही सांगते, माल चांगला आहे की नाही ते नाही.

आणि शेवटचं, सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित: युजरचा दिवस कधी सुरू होतो, आठवड्यात सगळ्यात गर्दी कधी असते, सुट्टी कधी असते, हे एका कागदावर लिहून पब्लिश करणाऱ्याच्या डोळ्यासमोर चिकटवा.

हे लिहितालिहिता आमच्या लॅबवाल्यांचा विचार करतोय. रविवारी सकाळी सात वाजता कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये जाऊन बघा. आठवडाभर नोकरी करणारे लोक उपाशीपोटी शुगर आणि लिपिड तपासायला त्याच दिवशी येतात. म्हातारे-कोतारे, दंडावर कापूस दाबून बसलेले. काउंटरवरच्या मुलीला आधीच दोन हात कमी पडत असतात. आमच्यासाठी ते 'शनिवार-रविवार मध्ये आहे'. तिच्यासाठी तो आठवड्यातला सगळ्यात वाईट दिवस आहे, आणि तिच्या पडद्यावर आम्ही निळी पट्टी सरकवत ठेवणार होतो. कुणाला कळणारसुद्धा नाही म्हणे!

तर त्या नव्या मुलाला मी काल हापिसातून निघताना एवढंच म्हणालो की उद्या-परवा काही पब्लिश करू नकोस, मंगळवारी दुपारी आपण पाच लॅबना देऊ. तो म्हणाला, "सर, मग काही लॅब्ज महिनाभर जुन्या व्हर्जनवर राहतील." म्हटलं, राहू देत. ज्या राहतील त्यांना फोन करून विचार, का राहिलात म्हणून. त्याचं तोंड जरा पडलं. फोन करायला कुणालाच आवडत नाही, मलाही नाही आवडायचं.

मंगळवारी मी त्याला घेऊन एका लॅबमध्ये जाणार आहे. पब्लिश करायच्या आधी, सकाळी सातला. लवकर उठायला लागणार म्हणून आत्तापासूनच कुरकुरतोय तो.